वाघोबाचा हिरडा मोजत नाहीत

१

चाळीस वर्षं मी जुन्नरच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसतोय. धर्माजी दस्तलेखक म्हणा नाहीतर नाना म्हणा, तालुका मला दोन्ही नावांनी ओळखतो आणि दोन्ही नावांनी शिव्या घालतो. खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, म्हणाल ते लिहितो. चोरीच्या फिर्यादीही लिहिल्यात, कोंबडीपासून ट्रॅक्टरपर्यंत. पण उभी झाडं गायब झाल्याची तक्रार घेऊन माझ्यापुढं कधी कुणी बसलं नव्हतं. दोन वर्षांमागं फेब्रुवारीत मोहिनी बसली.

एकवीस वर्षांची पोर, मंचरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. ड्यूटीवरून थेट एसटीत बसून आलेली, डोळे तारवटलेले.

"नाना, ओळखलंत का? घाटघरच्या अलीकडची वाडी. लंकाबाई माझी आत्या."

ओळखलं नसतं तर बरं झालं असतं. लंकाबाईचं मृत्युपत्र मीच लिहिलेलं, याच टेबलावर. बाईला मूल ना बाळ, नवरा आधीच गेलेला. डोंगरउतारावरचं रान आणि त्यातली हिरड्याची तीस झाडं, एवढीच काय ती इस्टेट. पण घाटमाथ्यावर भात पिकतो पोटापुरता, हातात चार पैसे येतात ते हिरड्याचे. मार्च-एप्रिलात कोवळा हिरडा तोडायचा, वाळवायचा, व्यापाऱ्याला घालायचा, की वर्षाचं मीठमिरची, कापडचोपड निघतं. हे रान झाडांसकट लंकाबाईनं भावाच्या पोरीला, म्हणजे मोहिनीला ठेवली. पोर तेव्हा चौदा वर्षांची. म्हणून ती एकवीसची होईतो झाडं सांभाळायला आणि फळाच्या उत्पन्नातून तिला शिकवायला एक माणूस नेमला. कागदावर त्याला मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणतात, आमच्याकडं कारभारी म्हणतात. हा कारभारी म्हणजे लंकाबाईच्या दिराचा मुलगा गोरख, कळंबला राहणारा, बारावी झालेला. एक अट मात्र बाईनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतली होती: झाडाला लोखंड लावायचं नाही.

"एकवीस पुरी झाली म्हणून परवा झाडं बघायला वर गेले," मोहिनी म्हणाली. "एक झाड नाही, नाना. जेसीबी लावून उतार सपाट केलाय. बुंधासुद्धा दिसत नाही कुठं."

"आधी कधी गेली नव्हतीस?"

"करोनात वाडीबाहेर पडणं नव्हतं, मग नर्सिंग, मग नोकरी. घरी आले की बाबा मला आणि आईला म्हणायचे, वर जाऊ नका, बिबट्या फिरतोय."

"गोरख काय म्हणतो?"

"निसर्ग वादळात पडली म्हणतो. हा कागद दिला."

पांढऱ्या कागदावर खाजगी पंचनामा होता, सरकारी शिक्का नाही की काही नाही. तारीख दहा जून दोन हजार वीस, म्हणजे वादळानंतर आठ दिवसांची. 'वादळाने सर्व तीस झाडे उन्मळून पडली. जागेवर एकही झाड शिल्लक नाही.' खाली दोन पंच. पहिला सावळेराम, गोरखच्या वीटभट्टीवरचा मुकादम, तो आदल्या साली वारला. दुसरी सही वाचून मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सही भागूची होती. भागू म्हणजे मोहिनीचा बाप.

"बाबांनी सही केलीय म्हणजे पडलीच असतील," ती म्हणाली. "वादळात आमच्याकडं हिरड्याचं लई नुकसान झालं, ते खरंय. पण सगळ्यांची दोन-चार राहिली. आमचंच एक कसं राहिलं नाही? नाना, मी आईला शब्द दिलाय. एकवीसची झाले की तू नारायणगावला मजुरीला जायचं नाही. दर साली ती जीपमध्ये कोंबून खाली जाते. कांदा, टोमॅटो, काय मिळंल ते. मणका गेलाय तिचा. मी दवाखान्यात लोकांच्या आयांच्या पाठी शेकते आणि माझी आई परक्याच्या वावरात वाकलेली असते. मला माझी झाडं पाहिजेत."

मी जुनं दप्तर उपसून मृत्युपत्राचा कच्चा मसुदा काढला. अट जशीच्या तशी होती. मोहिनीनं कागद हातात घेतला आणि कारभाऱ्याच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. गोरखच्या नावाआधी एक नाव खोडलेलं होतं, शाईनं चांगलं गिरवून.

"हे कोणाचं नाव?"

"लिहिताना चुकलं असंल," मी म्हणालो आणि दप्तर बांधून टाकलं.

२

कळंबला गोरखचा दुमजली बंगला पुणे-नाशिक रस्त्यावरून दिसतो. मागं वीटभट्टी. आम्ही गेलो तेव्हा तो ओसरीत खुर्ची टाकून मोबाईल बघत बसला होता. मला बघून उठला, चहा सांगितला, मोहिनीला 'ताई' म्हणाला. असली गोडबोली माणसं दिसली की माझं टाळकं सरकतं.

"नाना, बसा राव. तुमी कशाला तरास घेतला? बोलावलं असतं तर मीच आलो असतो."

"झाडांचं काय झालं, गोरख?"

"वादळानं काय ठिवलं का कुनाचं? तीसच्या तीस गेली. मी काय देव हाय का वारं थांबवाया?"

"लाकूड?"

"कुजलं, लोकांनी न्हेलं. करोनात कोन राखान बसनार?"

"आणि जेसीबी?"

"ताईसाठीच की! झाडं गेली, निदान भाताचं खाचर तरी व्हईल म्हनून रान सपाट केलं. पदरचं डिझेल घातलं, राव. कारभारी म्हनून येवढं तरी करावं का नको?"

"वादळाआधी दोन वर्षं फळ आलं, ते?"

"शिक्षनाला लावलं. नर्सिंग काय फुकाट झालं व्हय?"

मोहिनीनं चहा घेतला नाही. मी विचारलं, "वादळानंतर तू स्वतः वर गेला होतास?"

"गेलतो तर! जाग्यावर उभा ऱ्हाऊन बघितलं ह्या डोळ्यांनी. बोडकं झालतं समदं. एक झाड डोळ्याला दिसंना. रडू आलं, नाना, आईची आन."

मी ते शब्द तिथल्या तिथं वहीत टिपून घेतले. चाळीस वर्षांची सवय, माणूस बोलला की लिहायचं. गोरखला ते आवडलं नाही. तो जरा पुढं वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "लिवा, लिवा. पर येक ध्यानात ठिवा. ते मृत्युपत्र तुमीच लिवलंय. माझं नाव तवा तुमाला लई पटलं व्हतं."

मी वही मिटली. मोहिनी माझ्याकडं बघत होती. मी छत्री उचलली आणि चल म्हणालो.

३

घाटघरच्या एसटीनं दुसऱ्या दिवशी मी आणि मोहिनी वाडीवर गेलो. साळुबाई, मोहिनीची आई, दोन दिवसांसाठी घरी आली होती. ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती, पण पाठ टेकल्याशिवाय बसता येत नव्हतं. मला बघून पदर सारखा केला.

"नाना, पोरीची झाडं मिळत्याल का वं? मंगळवारी मजुरीवाला मुकादम जीप घिऊन येनार हाय. न्हाई म्हनून सांगू का जाऊ?"

"थांब जरा," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार, कपाळ?

भागू गोठ्यातून आला. काटक, कमी बोलणारा माणूस. मी तीस वर्षं त्याला ओळखतो, कधी कुणाची काडी उचलली नाही त्यानं. पण त्या दिवशी तो माझ्या नजरेला नजर देईना.

"भागू, झाडं कशी गेली?"

"वादळात."

"तू बघितलीस पडताना?"

"वादळात गेली, नाना. कागदाव हाय की."

"चल, जागा दाखव."

तो पुढं निघाला. उताराच्या पायथ्याशी येऊन थांबला, पायातल्या चपला काढल्या आणि तिथंच एका दगडावर बसला. "पाय दुखत्यात. तुमी जा वर," म्हणाला. ह्या माणसानं जन्मभर हे डोंगर चढून काढलेत, आणि माझ्यासारखा सदुसष्टीचा म्हातारा वर जातोय तर ह्याचे पाय दुखतात! आणि पाय दुखतात तर चपला कशाला काढल्या? मी मनात नोंद केली आणि चढायला लागलो.

वाटेत सोनीबाईचं घर लागतं, लंकाबाईच्या बांधाला बांध. म्हातारी तोंडानं फाटकी. लंकाबाईच्या हयातीत दोघींची बांधावरून भांडणं व्हायची, मला कागद लिहायला लावलेत दोघींनी. तिची नजर या रानावर होती हे अख्ख्या वाडीला ठाऊक. मला पहिला संशय तिचाच आलेला, खोटं कशाला बोलू.

"सोनीबाई, वादळात काय काय गेलं?"

"माजी कौलं गेली, येक म्हस गेली."

"लंकाबाईची झाडं?"

म्हातारीनं तोंडातलं पान थुंकलं. "मला नगा इचारू. मी भांडखोर, माज्यावर कोन इस्वास ठिवनार? पर लंका माजी वैरीन आसली तरी तिची झाडं माज्या डोळ्यापुढं वाढली. वर वाघोबा हाय, त्याला इचारा. त्यो खोटं बोलत न्हाई." आणि दार लावून घेतलं.

वर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती. उतार सगळा उघडा, लाल मातीचे ढीग, जेसीबीच्या दातांच्या खुणा अजून दिसत होत्या. खाचर म्हणे! पाणी धरायला बांध नाही, भाताचा एक दाणा तिथं पिकला नसता. नुसते बुंधे उपटून पुरावा पुसलेला. मी शिव्या घालत पुढं गेलो, अगदी कड्याच्या टोकाला, जिथून खाली कोकण दिसतं. आणि तिथं उभा राहिलो तो राहिलोच.

कड्याच्या टोकावर हिरड्याचं एक झाड उभं होतं. जुनाट, दोन माणसांच्या कवेत न मावणारं, आणि बुंधा आतून पोकळ.

"मोहिनी! एक झाड नाही म्हणालीस ना तू?"

"नाहीच की."

"मग हे काय आहे?"

"हे होय?" ती सहज म्हणाली. "हे वाघोबाचं. हे मोजत नाहीत, नाना."

४

मी खाली बसलो. पोरीला वाटलं मला भोवळ आली, ती नाडी बघायला लागली.

"नाडी सोड, डोकं चालव," मी म्हणालो. "वादळ कुठून आलं?"

"कोकणातून. कड्यावरून वर."

"म्हणजे वाऱ्यापुढं पहिलं झाड कुठलं?"

तिनं वाघोबाच्या हिरड्याकडं बघितलं.

"कड्याच्या टोकावरचं, म्हातारं, पोकळ झाड उभं राहिलं आणि त्याच्या मागं आडोशाला असलेली तीस तरणी झाडं मुळासकट पडली? वाऱ्याला काय माहीत बाई कुठलं देवाचं आणि कुठलं लंकाबाईचं? हे करवतीचं काम आहे."

मोहिनी झाडाजवळ गेली. पोकळीपुढं शेंदूर फासलेली वाघोबाची शिळा होती. तिच्या मागं, गवतात, गोटे मांडलेले होते. मुठीएवढे, प्रत्येकाला शेंदराचा एकेक टिळा, पावसानं फिक्कट झालेला. ती वाकून मोजायला लागली. मला मोजायची गरज नव्हती, तिच्या तोंडावरून आकडा कळला.

"तीस," ती म्हणाली.

"ही काय रीत आहे?"

"फळतं झाड तोडायची पाळी आली तर तोडणारा वाघोबापुढं धोंडा ठेवतो. चूक पदरात घे म्हणतो. एका झाडाला एक धोंडा." तिनं एक धोंडा उचलला, परत जागेवर ठेवला. "म्हणजे तोडली. आत्याच्या झाडांना लोखंड लावलं."

"आता गोरखचं बघ. काल काय म्हणाला? जागेवर उभा राहून बघितलं, एक झाड डोळ्याला दिसलं नाही. पंचनाम्यातही तेच, एकही झाड शिल्लक नाही. एवढं मोठं झाड त्याला दिसलं नाही? तो इथं कधी आलाच नाही. ज्याला सहा-सात वर्षं झाडं सांभाळायला नेमलं, त्या कारभाऱ्यानं झाडांचं तोंड बघितलेलं नाही. कळंबला बसून त्यानं हुकूम सोडला आणि कागद लिहिला."

"मग करवत कोणी चालवली?"

उत्तर मला तेव्हाच कळलं होतं. वाघोबाच्या हद्दीत चपला न घालणारा, त्याला घाबरून वर न चढणारा माणूस, धोंडे ठेवणारा माणूस, देवाचं झाड झाडांत न मोजणारा माणूस. 'एकही झाड शिल्लक नाही' ह्या ओळीखाली ज्याला सही करताना काही खटकलं नाही, कारण त्याच्या हिशेबी खरंच एक शिल्लक नव्हतं. गोरखनं भट्टीवरचे गडी आणले असते तर त्यांनी सगळ्यात जाड बुंधा पहिला पाडला असता. हे वाडीतल्याच हाताचं काम होतं, आणि पंचनाम्यावर वाडीतली सही एकच होती.

मला ते पोरीला सांगवेना. "खाली जाऊ," म्हणालो. ती धोंड्यांकडं बघत उभी राहिली. खाली पायथ्याशी भागू तसाच बसला होता, अनवाणी.

५

घरी आलो. साळुबाईनं कोरा चहा दिला. मी आणि भागू ओट्यावर, मोहिनी उंबऱ्यात.

"भागू," मी म्हणालो, "पंचनाम्यावर सही कधी केलीस?"

"कागदाव तारीख आसंल की."

"कागदावरची सोड. तुझ्या आठवणीनं सांग."

डोंगरातली माणसं तारखा ठेवत नाहीत. म्हैस व्याली ते साल, पूल वाहून गेला ते साल, असं धरतात. भागू कपातल्या चहाकडं बघत म्हणाला, "मोहिनी न्हाई का नर्सिंगला लागली, त्याच साली. गनपतीच्या वाईच आदी."

बोलून गेला. त्याला कळलंही नाही काय बोलला ते. मला कळलं. मी आशा करत होतो की पोरीच्या ध्यानात येऊ नये.

"बाबा," उंबऱ्यातून आवाज आला, "नर्सिंगला मी वादळाच्या दुसऱ्या साली लागले."

साळुबाई चुलीपुढून उठून दारात आली.

"बाबा, पंचनाम्यावर वादळाच्या आठव्या दिवसाची तारीख आहे. तुम्ही सव्वा वर्षानं सही केली. बाबा, वर धोंडे कोणी ठेवले?"

भागूनं कप खाली ठेवला. मग तो बोलला, माझ्याकडं नाही, तिच्याकडंही नाही, अंगणाकडं बघून.

"गोरख आलता. म्हनला, पोरीचं नर्सिंगला नाव लागलंय, पैसं भरावं लागत्यात. मी म्हनलं, फळाचं पैसं हायेत ना तुज्याकडं, लंकाताईच्या माघारी तीन-चार सालं झाली. म्हनला, ते कवाच सपलं. झाडं पाडू. पोरीचीच झाडं, पोरीच्याच शिक्षनाला. मी म्हनलं, ताईनं लोखंड लावू नगा म्हनलंय. तर म्हनला, कारभारी कोन, तू का मी? ताईनं कुनाला नेमलंय?" भागूनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "खरंच हाय ते. ताईनं सख्ख्या भावाला सोडून त्याला नेमला. म्हनलं, ताईला माज्यापरीस त्याचा भरवसा. मंग त्यो सांगंल ते ताईनंच सांगितल्यावानी. आनि तू शिकावीस आसं मला लई वाटत व्हतं, पोरी. भाड्याची करवत आनली. पाच दिवस लागलं. लाकूड त्याच्या भट्टीला गेलं."

"आणि सही?"

"तोडल्यावर म्हनला, फारेस्टवालं तुला उचलत्याल. वादळात पडली म्हनून सही कर, तुज्याच बचावाची हाय. केली."

साळुबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "आवं, मला तरी सांगायचं." मग म्हणाली, "दर साली जीपमदी बसताना मला वाटायचं, पोर येकवीसची झाली की ही जीप सुटंल."

मोहिनी उठली आणि गोठ्याकडं गेली. बराच वेळ आली नाही. जिच्या शिक्षणासाठी झाडं गेली ती तीच होती, आणि हे तिला त्या ओट्यावर कळलं. मला कुणाचं सांत्वन करता येत नाही, कधीच आलं नाही. मी आपला बसून राहिलो.

शेवटी ती परत आली. डोळे लाल. "नाना, केस केली तर बाबांचं काय होईल?"

मी खोटं बोललो नाही. "गोरखकडून रानाचा ताबा काढून घ्यायचा, नुकसान त्याच्याकडून भरून घ्यायचं, तर भागूची साक्ष लागेल. आणि साक्ष दिली की झाडं तोडल्याचा आणि खोट्या सहीचा डाग त्याच्यावर येणार. दंड, चकरा, काय काय होईल सांगता येत नाही."

"मग राहू द्या," ती म्हणाली.

"लिवा, नाना." भागू उठून उभा राहिला होता. "माजं नाव पयलं लिवा. खाली काय ऱ्हाईलं तर गोरखचं लिवा."

६

कोर्टाचं सांगत बसत नाही, तिथल्या तारखा ज्यांनी भोगल्यात त्यांना ठाऊक आहेत. एकच दिवस सांगतो. गोरखनं शपथेवर तेच सांगितलं, जागेवर उभा होतो, एक झाड दिसलं नाही. मोहिनीच्या वकीलबाईंनी वाघोबाच्या हिरड्याचा फोटो त्याच्या हातात दिला.

"हे झाड ओळखता?"

गोरखनं फोटो उलटासुलटा केला. "कुटलं झाड? हे आमच्यातलं न्हाई."

"तुमच्याच ताब्यातल्या गटातलं आहे. मोजणी नकाशा जोडलाय."

त्याचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं. त्या एका क्षणासाठी मी जगलो म्हणालो तरी चालेल. चौदा महिन्यांनी निकाल लागला. गोरखकडून ताबा काढला, झाडांचं आणि फळाचं नुकसान त्यानं भरावं असा हुकूम झाला. वाडीत कुणी पेढे वाटले नाहीत. पुढच्याच महिन्यात गोरखनं वर अपील केलं, वसुली थांबली. भागूला वेगळा दंड झाला. त्यानं गाय विकून भरला, आणि आता साळुबाईबरोबर तोही जीपमध्ये बसतो.

एक गोष्ट मात्र हुकुमाप्रमाणं झाली. ह्या मार्चमध्ये जमिनीचा ताबा मोहिनीला मिळाला. ताबापावती लिहायला मीच वर गेलो होतो. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. मग रकाना आला, झाडे. मी लिहिलं, 'हिरडा, एक.' ज्यांची मोजणी व्हायची ती तीस गेली होती, आणि जे मोजायचं नाही तेच कागदावर चढलं.

वाघोबाचा हिरडा यंदा गच्च फळला होता. वाऱ्यानं पडलेली कोवळी फळं साळुबाईनं पाटीत गोळा केली होती. दोन पाट्या सहज भरल्या असत्या. तिनं माझ्याकडं बघितलं.

"नाना, कागदाव आता हे बी पोरीचंच ना?"

"कागदावर पोरीचंच."

तिनं पाटीत हात घालून फळं जरा चाळवली. मग ती उचलून वाघोबाच्या शिळेपुढं ओतली. देवाच्या झाडाचं फळ विकत नाहीत, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. खालून जीपचा हॉर्न वाजला. तिनं विळा फडक्यात गुंडाळला, पाठीवर हात दाबत उतारावरून निघाली. भागू पायथ्याशीच उभा होता, चपला हातात घेऊन. तो अजून वर येत नाही.

मी आणि मोहिनी दोघंच राहिलो. तिनं पावती घडी करून पर्समध्ये ठेवली.

"नाना, एक विचारू? त्या कच्च्या कागदावर नाव कोणाचं होतं? खोडलेलं."

दोन वर्षं मी ह्या प्रश्नाची वाट बघत होतो. टाळता आलं असतं. पण समोर ते तीस धोंडे होते.

"भागूचं," मी म्हणालो. "लंकाबाईनं पहिलं तुझ्या बापाचंच नाव सांगितलं. माझा भागू काडीला हात लावणार नाही, म्हणाली. मी म्हणालो, भागू अडाणी माणूस, सहीपुरता शिकलेला, कागदपत्रं कशी सांभाळणार? गोरख शिकलेला आहे, त्याचं घाल. ती दोनदा नको म्हणाली. मी हुशारी केली. नाव मी खोडलं, पोरी."

तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी पाया पडून घेतल्या असत्या. ती झाडाच्या बुंध्याला हात लावून उभी राहिली. खाली जीप सुरू झाली, वळणाला दिसली, गेली.

"बाबांना हे सांगू नका, नाना."

"का? बहिणीचा भरवसा त्याच्यावरच होता, एवढं तरी कळू दे त्याला."

"नाही. बहिणीचा आपल्यावर भरवसा नव्हता, असं समजून ते रोज दोन घास खातात तरी. होता म्हणून कळलं तर तेही खाणार नाहीत."

मी मान हलवली. परतीची एसटी दुपारी चारला होती. आम्ही खाली उतरून वाडीच्या फाट्यावर जाऊन बसलो.